गोळ्यांचा हिशेब आणि खुब्याचे हाड : सोलापुरातील एक प्रकरण

प्रकरणाविषयी

हे प्रकरण सोलापुरातील एका विडी कामगार स्त्रीचे आहे. ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने घेतले गेले, तो क्रम मात्र बदललेला नाही. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून मी या उपचारांत सहभागी होतो. यातील एक चुकीचा निर्णय माझा स्वतःचा आहे आणि तो इतरांच्या चुकांइतक्याच तपशिलाने येथे मांडला आहे.

पार्श्वभूमी

बाईंचे वय ३४. शहराच्या पूर्व भागात राहतात, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलतात. पती अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला आहेत. घरात सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. लग्नाच्या आधीपासून त्या विड्या वळतात. जमिनीवर मांडी घालून बसायचे, मांडीवर सूप घ्यायचे, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, आणि अंगठ्याखाली पान गुंडाळत दिवसाला आठशे ते हजार विड्या पुऱ्या करायच्या, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम. खोलीत तंबाखूची धूळ कायम असतेच, आणि सहा वर्षांपासून त्यांना दमा आहे.

एका ऑगस्टमध्ये दम्याचा जोरदार झटका आला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड इंजेक्शनने दिले गेले. घरी सोडताना सात दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि कायमस्वरूपी ओढण्याचा पंप लिहून दिला गेला. हे उपचार योग्यच होते, हे येथे स्पष्ट करायला हवे. दम्याच्या तीव्र झटक्यात स्टेरॉइड जीव वाचवते, आणि त्या आठवड्यात ते दिले नसते तर हे प्रकरण लिहिण्याची वेळच आली नसती.

घरी आल्यावर पंप कपाटात गेला. ‘पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही’ ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि शेजारच्या दोघींनी तीच ऐकवली. गोळीने मात्र दोन दिवसांत छाती मोकळी झाल्याचा अनुभव ताजा होता. पुढच्या वेळी धाप लागली तेव्हा जुनी चिठ्ठी घेऊन पती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि त्याच गोळ्यांचे पाकीट घेऊन आले. पुढे चिठ्ठीचीही गरज उरली नाही. ‘दमा गोळी’ एवढे म्हटले की पाकीट मिळू लागले. मधूनमधून जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतले जाई आणि सोबत कागदाच्या पुडीत दोन-तीन प्रकारच्या सुट्या गोळ्या मिळत. असे सुमारे सतरा महिने चालले. त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत त्या रोज एक किंवा दोन गोळ्या घेत होत्या.

तक्रार, आणि ती कंबरेची कशी झाली

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतून परतताना उजवा पाय जड वाटू लागला. होम मैदानापासून घरापर्यंत चालताना त्यांना दोनदा बसावे लागले. पुढच्या आठवड्यापासून मांडी घालून बसले की उजव्या जांघेत कळ येऊ लागली, आणि उठताना भिंतीचा आधार लागू लागला.

पहिल्या दवाखान्यात त्यांनी सांगितले की कंबर दुखते. असे का सांगितले, हे त्यांनी आम्हाला बऱ्याच नंतर, खोलीत फक्त परिचारिका असताना सांगितले. दुखत होते ते जांघेत, पण सासूबाई शेजारी बसलेल्या, डॉक्टर पुरुष, आणि तो शब्द तोंडातून निघेना. तेलुगूत त्या ‘नडुमु’ म्हणाल्या, सोबतच्या नातेवाइकांनी त्याचे ‘कंबर’ केले, आणि केसपेपरवर कंबरदुखी लिहिली गेली. त्यावरून मणक्याचा एक्स-रे निघाला, सायटिका असे नाव पडले, वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. काही दमेकऱ्यांना वेदनाशामक गोळ्यांनी धाप वाढते. यांनाही वाढली, आणि म्हणून दमा गोळीही वाढली. दुसऱ्या ठिकाणी दुखणे गुडघ्यापर्यंत जाते म्हणून गुडघ्याचा एक्स-रे झाला. खुब्याच्या सांध्याचे दुखणे गुडघ्यात जाणवणे ही वैद्यकातली जुनी गोष्ट आहे, कारण दोन्ही सांध्यांना काही मज्जातंतू सामाईक आहेत. तेथे दुखण्यावर म्हणून जे इंजेक्शन दिले गेले, त्यातही डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच होते.

मार्चच्या सुरुवातीला त्या माझ्याकडे आल्या. पहिला निर्णय येथे घ्यायचा होता आणि तो मी चुकवला. पाठीवर झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून पाऊल बाहेरच्या बाजूला नेले, म्हणजेच खुबा आतल्या बाजूला फिरवला, तर डावीकडे तो सुमारे ३५ अंश फिरत होता आणि उजवीकडे १५ अंशांवर त्यांनी माझा हात धरला. ही खूण बोलकी होती. तरीही खुब्याच्या समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, तेव्हा वर्षानुवर्षे जमिनीवर बसून स्नायू ताणले गेले असावेत असे मानून मी तीन आठवड्यांची विश्रांती सांगितली. ‘दुसरी काही औषधे चालू आहेत का?’ असे मी विचारले होते. ‘दम्याची गोळी,’ असे उत्तर आले. मी कागदावर ‘दम्यावर उपचार चालू’ असे लिहिले. गोळीचे नाव विचारले नाही.

तीन आठवड्यांनी त्या लंगडत आल्या. या वेळी पती सोबत होते, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात मेडिकलमध्ये दाखवायला ठेवलेले रिकामे पाकीट होते. पाकिटावर प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम असे छापलेले होते. त्याच आठवड्यात दोन्ही खुब्यांचा एमआरआय झाला.

हाडाच्या आत काय घडत होते

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या उखळीत बसते आणि शरीराचा सगळा भार त्याच्या वरच्या घुमटावर येतो. या डोक्याचा रक्तपुरवठा मात्र तोकडा आहे. मांडीच्या वरच्या भागातील मिडियल सर्कम्फ्लेक्स फिमोरल या धमनीच्या बारीक शाखा हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात आणि डोक्याचा मोठा भाग त्याच पोसतात. उखळीच्या बाजूने येणारी आणखी एक छोटी रक्तवाहिनी आहे, पण प्रौढ वयात तिच्यावर फारसे विसंबता येत नाही. एक वाट बंद पडली तर वळसा घालून येणारी दुसरी वाट येथे जवळपास नाही.

बाईंना हे सांगताना मी नळाचे उदाहरण दिले. उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात ते समजावून सांगावे लागत नाही: लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घराचा नळ दाब थोडा कमी झाला तरी कोरडा पडतो, आणि खुब्याचे डोके हे असे टोकाचे घर आहे.

स्टेरॉइडमुळे हा दाब कसा बिघडतो याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. हाडाच्या पोकळीत मज्जा असते आणि मज्जेत चरबीच्या पेशी. जास्त मात्रेच्या स्टेरॉइडने या पेशी फुगतात, शिवाय ज्या मूळ पेशींपासून हाड बनवणाऱ्या पेशी तयार व्हायच्या त्याही चरबीकडे वळतात. हाड ही टणक, बंद पेटी आहे. आतला ऐवज वाढला तरी ती फुगू शकत नाही. आतला दाब वाढतो, पातळ भिंतींच्या शिरा दाबल्या जातात, रक्त बाहेर पडेनासे होते आणि म्हणून नवे आतही येईनासे होते. त्याच काळात रक्तातली चरबी वाढून तिचे सूक्ष्म थेंब बारीक वाहिन्यांत अडकू शकतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, वाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, आणि हाडातल्या जिवंत पेशी स्टेरॉइडच्या थेट परिणामानेही मरतात. नेमके कोणत्या रुग्णात यातले काय आधी घडले हे सांगता येत नाही. परिणाम एकच असतो. डोक्याचा पाचरीच्या आकाराचा तुकडा निर्जीव होतो, आणि या अवस्थेला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, रुग्णांच्या तोंडी एव्हीएन, म्हणतात.

निर्जीव झालेले हाड लगेच मोडत नाही, आणि हेच या आजाराच्या उशिरा निदानाचे कारण आहे. मेलेल्या हाडाचा सांगाडा काही महिने भार पेलत राहतो, म्हणून दुखत नाही आणि एक्स-रेमध्येही फरक दिसत नाही. पुढे कडेच्या जिवंत भागातून शरीर दुरुस्ती सुरू करते. मेलेले हाड काढून टाकणाऱ्या पेशी वेगाने काम करतात, नवे हाड बसवणाऱ्या पेशी मागे पडतात, आणि मधल्या काळात घुमटाखालचा भाग कमकुवत होतो. मग कूर्चेच्या लगेच खाली बारीक तडा जातो, जो एक्स-रेमध्ये चंद्रकोरीसारखा दिसतो, आणि त्यानंतर गोल डोके चपटे होऊ लागते. एमआरआयमध्ये बदल स्टेरॉइड सुरू झाल्यावर काही महिन्यांत दिसू शकतात; दुखणे बहुधा सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यान सुरू होते. औषध आणि दुखणे यांच्यात एवढे अंतर पडल्यावर त्यांचा संबंध रुग्णाला तर सोडाच, डॉक्टरलाही आठवत नाही.

निदान

एमआरआयमध्ये उजव्या डोक्याच्या पुढच्या-वरच्या भागात काळ्या पट्ट्याने वेढलेला निर्जीव तुकडा स्पष्ट दिसला आणि त्याच्याभोवती मज्जेला सूज होती. घुमटाची गोलाई शाबूत होती. एक्स-रे पुन्हा, या वेळी पाय बाहेर फाकवून, घेतला तेव्हा हाडाची पोत किंचित बदललेली दिसली. या आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या आर्को वर्गीकरणानुसार हा दुसरा टप्पा. समोरून आणि बाजूने घेतलेल्या मधल्या चित्रांत निर्जीव भागाने व्यापलेले कोन मोजून त्यांची बेरीज केली, ती २२० अंश आली, म्हणजे मध्यम आकार.

डाव्या खुब्यात अजिबात दुखत नव्हते. तरी तेथेही ११० अंशांचा छोटा तुकडा निघाला, पहिल्या टप्प्यातला. स्टेरॉइडमुळे होणारा हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून एकाच खुब्याचा एमआरआय काढून पैसे वाचवण्याचा विचार अशा रुग्णात करू नये.

दारू, सिकलसेल, ल्युपस ही इतर कारणे तपासण्यांनी बाजूला पडली. बाई मिश्री लावत. तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणून ती सोडण्यास सांगितले. मुख्य कारण मात्र ते नव्हते.

गोळ्यांचा हिशेब

एकूण किती स्टेरॉइड पोटात गेले हे कोणालाच ठाऊक नव्हते. रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद होता, दवाखान्यांचे केसपेपर अर्धेमुर्धे होते, आणि मेडिकलची बिले नव्हतीच. वाट सापडली ती उधारीच्या वहीत. महिन्याच्या हिशेबाने औषधे घेतली जात, त्यामुळे साबण आणि खोकल्याच्या बाटलीच्या मध्ये ‘दमा गोळी १ पाकीट’ अशा ओळी होत्या. सतरा महिन्यांत त्या ३१ भरल्या. प्रत्येक पाकिटात दहा गोळ्या, प्रत्येक गोळी १० मिलिग्रॅम.

वेगवेगळी स्टेरॉइडे एका मापात आणण्यासाठी ठरलेले प्रमाण आहे: ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. त्या हिशेबाने गोळ्यांचे ३,१०० मिलिग्रॅम झाले. रुग्णालयात पाच दिवस, दिवसातून दोनदा ४० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन मिळाले, त्याचे ५०० झाले. केसपेपरवर नोंदलेली डेक्सामेथासोनची नऊ इंजेक्शने, प्रत्येकी ८ मिलिग्रॅम, त्यांचे ४८०. रुग्णालयातून सोडताना लिहून दिलेल्या सात दिवसांच्या गोळ्यांचे २८०. बेरीज ४,३६० मिलिग्रॅम. पुडीतल्या गोळ्या यात नाहीत, कारण त्या कोणत्या होत्या ते कळायला मार्ग नाही.

हा आकडा किती मोठा आहे हे तुलनेने कळते. कोविडच्या काळात, जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने ज्या उपचाराचा लाभ दाखवला, तो रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, असा होता. म्हणजे प्रेडनिसोलोनच्या मापात ४००. बाईंच्या पोटात त्याच्या दसपटीहून जास्त गेले होते. एकूण २,००० मिलिग्रॅमच्या पुढे खुब्याला धोका वाढतो असे अभ्यासांत वारंवार म्हटले गेले आहे, पण ती रेषा काटेकोर नाही. २०२१ मध्ये मुंबईतील शल्यचिकित्सकांनी कोविडनंतर एव्हीएन झालेले जे रुग्ण नोंदवले त्यांना याहून पुष्कळ कमी स्टेरॉइड मिळाले होते, आणि दुसरीकडे अनेकांना याहून जास्त घेऊनही काही होत नाही.

उधारीची वही पाहताना बाई जे म्हणाल्या ते लक्षात राहिले: “विडी एक कमी भरली तरी कारखान्यात कळते, डॉक्टर. ह्या गोळ्या कुणी मोजल्याच नाहीत.”

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत आधी स्टेरॉइडचा प्रश्न होता, कारण निदान ऐकताच बाई म्हणाल्या, “आजपासून बंद करते.” हे ऐकायला बरोबर वाटते आणि ते धोक्याचे असते. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ रोज स्टेरॉइड घेतले की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावतात. बाहेरचा पुरवठा एकदम थांबला तर रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या आणि गळाठा येऊ शकतो, आणि अशात दम्याचा झटका आला तर जीवावर बेतते. म्हणून फिजिशियनच्या देखरेखीखाली गोळी हळूहळू उतरवायची, आणि ती उतरवण्याआधी पंप नियमित सुरू करायचा, असे ठरले. पंपातूनही स्टेरॉइडच जाते, पण ते थेट श्वासनलिकेत आणि मायक्रोग्रॅमच्या मापात जाते, हा फरक नवरा-बायकोला दोन्ही पाकिटांवरचे आकडे शेजारी ठेवून दाखवला.

उजव्या खुब्यासाठी काहीच न करता कुबड्या देऊन थांबणे हा एक मार्ग होता. दुखणारा आणि मध्यम आकाराचा व्रण, म्हणजे हाडाचा निर्जीव तुकडा, तसाच ठेवला तर तो पुढे चपटा होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे तो मला पटत नव्हता.

दुसरा मार्ग बिस्फॉस्फोनेट गटातील औषधाचा होता. ते हाड काढून टाकणाऱ्या पेशींना रोखते, म्हणून दुरुस्तीच्या काळात घुमट टिकावा अशी त्यामागची कल्पना. तैवानमधील २००५ च्या छोट्या चाचणीत अलेंड्रोनेटचा स्पष्ट फायदा दिसला होता. त्याच देशात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांवर केलेल्या चाचणीत तो दिसला नाही. हे औषध हाडात वर्षानुवर्षे राहते, आणि बाईंनी अजून एका मुलाचा विचार पूर्ण सोडलेला नव्हता. त्यांनी स्वतः नको म्हटले आणि मी आग्रह धरला नाही.

तिसरा मार्ग कोअर डिकॉम्प्रेशनचा. मांडीच्या बाहेरून छोटे छिद्र घेऊन निर्जीव भागापर्यंत बोगदा करायचा, आतला दाब मोकळा करायचा आणि जागा स्वतःच्याच हाडाच्या चुऱ्याने भरायची. गोलाई शाबूत असेपर्यंतच याचा उपयोग असतो. व्रण जितका लहान तितके यश जास्त. २२० अंशांना खात्री देता येत नाही, हे मी तसेच सांगितले.

चौथा मार्ग सासूबाईंच्या मनात होता. वस्तीतल्या एका गृहस्थांचा खुबा बदलला होता आणि ते आता बाजारात चालत जातात, तेव्हा ‘एकदाच बदलून टाका, परत परत कापाकापी नको’ असे त्यांचे म्हणणे होते. यात तथ्य होते. परंतु ते गृहस्थ साठीचे आणि बाई चौतिशीच्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षे टिकतात, आणि त्यातले बहुतेक रुग्ण वयस्क होते. स्वतःचे डोके गोल असताना ते काढले, तर साठीच्या आतच दुसरी, पहिलीहून अवघड शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता मोठी होती.

डाव्या खुब्याबाबत मतभेद झाला. माझ्या एका सहकाऱ्याचे मत होते की भूल दिलेलीच आहे, तर त्याही बाजूला छिद्र घ्यावे. मी लहान, न दुखणारा व्रण केवळ पाहत राहण्याच्या बाजूचा होतो. शिवाय दोन्ही पायांवर एकदम भार कमी करायचा तर बाई सहा आठवडे घरात हलूच शकल्या नसत्या. शेवटी हाच व्यवहारी मुद्दा निर्णायक ठरला.

केलेली कृती

पंप स्पेसरसह, म्हणजे औषध ओढणे सोपे करणारी नळी जोडून, सुरू झाला आणि तो कसा ओढायचा हे शिकण्याची जबाबदारी मुलीने घेतली. ती रोज सकाळी आईसमोर बसून दहापर्यंत मोजत असे. दोन आठवड्यांत धाप आटोक्यात आली, तेव्हा गोळी कमी करायला सुरुवात झाली.

एप्रिलच्या अखेरीस उजव्या खुब्याचे कोअर डिकॉम्प्रेशन झाले. त्या वेळी गोळी पूर्ण बंद झालेली नव्हती आणि ग्रंथी सुस्त होत्या, म्हणून भूल देताना हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. ज्या औषधाने हाड गेले तेच पुन्हा का, असे पतींनी विचारले. शस्त्रक्रियेच्या ताणात निरोगी शरीर स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवते, यांचे बनवू शकत नाही, म्हणून एका दिवसापुरती ती उणीव भरून काढली जाते, असे उत्तर दिले. प्रश्न रास्त होता आणि तो शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच आम्ही आपणहून सांगायला हवा होता.

त्यानंतर सहा आठवडे कुबड्या आणि उजव्या पायावर अर्धाच भार. भारतीय पद्धतीच्या शौचालयासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे बंद. मग विड्या कशा वळायच्या, हा घरासाठी शस्त्रक्रियेहून मोठा प्रश्न होता. ते दोन महिने सासूबाईंनी काम उचलले. दरम्यान पतींनी जुन्या फळ्यांचे, बसल्यावर पोटाशी येईल एवढ्या उंचीचे टेबल केले आणि तंबाखू सांडू नये म्हणून तिन्ही कडांना दोन बोटे उंचीची पट्टी ठोकली. सुरुवातीला त्यावर हात बसेना. मांडीवरच्या सुपाला शरीराबरोबर हलण्याची सवय असते, टेबल हलत नाही, त्यामुळे पान गुंडाळताना अंगठ्याचा कोन बदलतो, असे त्यांनी करून दाखवले. महिनाभराने हात बसला.

परिणाम

तीन महिन्यांत जांघेतली कळ बरीच कमी झाली आणि लंगडणे थांबले. पाच महिन्यांनी, सकाळच्या रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, समाधानकारक आल्यावर, प्रेडनिसोलोन पूर्ण बंद झाले. पुढच्या काळात दम्याचा एकच मोठा झटका आला. त्यात पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन द्यावे लागले, आणि ते दोनशे मिलिग्रॅम मुलीच्या वहीत तारखेसह लिहिले गेले.

शस्त्रक्रियेनंतर चौदा महिन्यांनी घेतलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या घुमटाखाली चंद्रकोरीची रेघ दिसली. डोके दोन मिलिमीटरहून कमी दबले आहे. म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यात गेला. शस्त्रक्रियेने तो थांबला नाही, फार तर लांबला, असे म्हणावे लागते. बाई सध्या सुमारे एक किलोमीटर न थांबता चालतात, टेबलावर सहाशे-सातशे विड्या वळतात, जिने एकेक पायरीने चढतात. मांडी घालून बसता येत नाही. डाव्या खुब्यातला व्रण दोन एमआरआयमध्ये जसाच्या तसा राहिला आहे आणि तेथे दुखत नाही.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते सर्वांत मोठी संधी रुग्णालयातून घरी सोडताना गेली. चिठ्ठीवर सात दिवस लिहिले होते, पण ही गोळी सातव्या दिवसानंतर का घ्यायची नाही हे कोणी सांगितले नाही, आणि पंपाविषयीची भीती कोणी विचारली नाही. ती भीती त्या दिवशी बोलून दूर झाली असती, तर पुढचे एकतीस पाकीट लागलेच नसते. प्रेडनिसोलोन हे शेड्यूल एचमधील औषध आहे आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचे असते, हा नियम आहेच. परंतु उधारीवर औषध देणारा दुकानदार त्या कुटुंबाला अडचणीत मदतच करत असतो, आणि केवळ त्याला दोष देऊन पुडीत बिननावाच्या गोळ्या देणारे आपण वैद्यकीय लोक मोकळे होऊ शकत नाही.

तक्रार ऐकताना दुखणारी जागा रुग्णाला बोटाने दाखवायला सांगणे, आणि ते सांगताना खोलीत कोण आहे हे पाहणे, एवढे केले असते तर मणक्याचा आणि गुडघ्याचा एक्स-रे टळला असता. आता आम्ही स्त्री रुग्णांना आधी परिचारिकेजवळ शरीराच्या चित्रावर खूण करायला सांगतो.

माझे तीन आठवडे गेले त्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. खुबा आत फिरत नाही, एक्स-रे स्वच्छ आहे आणि रुग्ण कोणती तरी ‘गोळी’ बराच काळ घेत आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याच दिवशी एमआरआय सांगायला हवा. तीन आठवडे आधी केला असता तर व्रण लहान निघाला असता असे नाही. तो बहुधा आधीच ठरून गेला होता. पण त्या तीन आठवड्यांत त्या पूर्ण भार देऊन चालत होत्या, रोज मांडी घालत होत्या आणि रोज प्रेडनिसोलोन घेत होत्या, हेही तितकेच खरे. दुखणे सुरू झाल्या आठवड्यात एमआरआय झाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर एका रुग्णावरून देता येणार नाही.

कोअर डिकॉम्प्रेशनच्या निर्णयाबाबत सहकाऱ्यांत आजही एकमत नाही. २२० अंशांच्या व्रणाला ते करण्यात अर्थ नव्हता असे एकाचे म्हणणे आहे. मी पुन्हा तेच करीन, कारण त्या चौदा महिन्यांत त्या बऱ्याच कमी वेदनेने चालल्या आणि त्यांचा दमा ताब्यात आला. पुढे सांधा बदलायची वेळ येईल तेव्हा भूल देणे त्यामुळे कमी धोक्याचे असेल.

ती वेळ कधी, याची खूण आम्ही मिळून ठरवली आहे: रात्री दुखण्याने झोपमोड होऊ लागली, किंवा टेबलाशी दोन तास बसवेनासे झाले, तर उजवा खुबा बदलायचा. कोणत्या सरकारी आरोग्य योजनेत ते बसेल याची चौकशी आरोग्यमित्राकडे आतापासून करून ठेवली आहे. बाईंची इच्छा मुलीची दहावी होईपर्यंत थांबण्याची आहे. डाव्या खुब्याचा पुढचा एमआरआय डिसेंबरमध्ये आहे, आणि त्यात व्रण तसूभर जरी वाढलेला दिसला तरी त्या बाजूला छिद्र घ्यायला या वेळी उशीर करायचा नाही, यावर मात्र आम्हा सर्वांचे एकमत आहे.